अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा: गोळ्या की शस्त्रक्रिया?

जोयडा तालुक्यात अणशी, कुंभारवाडा, कॅसलरॉककडची घरं जंगलात विखुरलेली आहेत. तज्ज्ञ डॉक्टर हवा तर दांडेली, कारवार, नाहीतर थेट बेळगाव-हुबळी गाठावं लागतं. मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे या फेऱ्या बायकोच्याच वाट्याला येतात, आणि नवरा साधी वीर्यतपासणीही टाळतो. हा अन्याय तर आहेच, पण त्यात वर्षंही वाया जातात. वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांपैकी सुमारे 35 ते 40 टक्क्यांमध्ये व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगण्याचा विकार, आढळतो. रक्त तिथेच साचून वृषण तापतात आणि शुक्रजंतू घटतात. त्रास बहुधा डाव्या बाजूला असतो, कारण तिकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे ताकदीच्या गोळ्या. पण अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फॉलिक ॲसिड-झिंक घेणाऱ्यांकडे 34 टक्के आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांकडे 35 टक्के जोडप्यांना मूल झालं. ती चाचणी केवळ व्हेरिकोसीलची नव्हती, हे खरं. तरी फुगलेली शीर गोळीने आकसत नाही. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर उलट शुक्रजंतूंची निर्मितीच थांबवू शकतं. शस्त्रक्रियेत जांघेजवळ लहानसा छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी वाचवत एकेक शीर बांधतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षभरात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 33 टक्क्यांच्या पत्नींना नैसर्गिक गर्भधारणा झाली; न झालेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होतं.

आक्षेप असा की जुन्या अभ्यासांत फायदा दिसला नव्हता, आणि ब्रिटनच्या 2013 च्या मार्गदर्शिकेने ही शस्त्रक्रिया नाकारली. मात्र त्यांतल्या काही अभ्यासांत हाताला न लागणाऱ्या शिरांचे आणि वीर्य ठीक असलेले पुरुषही होते. अशांना कापून काय मिळणार? रुग्णाला उभं करून, श्वास रोखून कुंथायला सांगितल्यावर शिरांचा गुंता बोटांना लागला पाहिजे. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या शिरेसाठी शस्त्रक्रिया करू नये. पत्नीचं वय पस्तिशीपुढे असेल तर वाट पाहण्यापेक्षा आयव्हीएफचा विचार आधी करावा, कारण शस्त्रक्रियेचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. बाकी तरुण जोडप्यांत, शीर हाताला लागत असेल आणि वीर्यात दोष असेल तर शस्त्रक्रियाच उजवी. म्हणून दूरच्या गावातून निघालेल्या जोडप्याने पहिल्याच फेरीत दोघांचीही तपासणी करून घ्यावी.