अंगणवाड्यांची तुलना कशी करावी?

बियाण्याची उगवणशक्ती काढताना आपण शंभर दाणे मोजून ठेवतो आणि त्यांपैकी किती उगवले ते पाहतो. उगवलेल्या रोपांपैकी किती जगली, हा हिशेब वेगळा. अंगणवाडीच्या बाबतीत मात्र नेमकी हीच गल्लत होते.

खेड तालुक्यात महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या भागात चाकण औद्योगिक वसाहतीमुळे मूळ गावठाणाभोवती भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. तेथे परजिल्ह्यातील व परराज्यातील कामगार कुटुंबे राहतात. त्यांची मुले पटावर आली नसतील, तर हजेरी कितीही चांगली दिसली तरी ती फसवी असते.

समजा, एका अंगणवाडीच्या पटावर ३० मुले असून २७ हजर असतात. हजेरी ९० टक्के. दुसरीच्या पटावर ४५, हजर ३६, म्हणजे ८० टक्के. पहिली सरस वाटेल. परंतु पहिलीच्या क्षेत्रात त्या वयाची ६० मुले व दुसरीच्या क्षेत्रात ५० मुले असतील, तर पहिली ४५ टक्के मुलांपर्यंतच पोहोचते, दुसरी ७२ टक्के. यात सेविकेचा दोष असेलच असे नाही. वाहता तळेगाव-चाकण रस्ता मध्ये असेल, तर तीन वर्षांचे मूल पलीकडे कोण पाठवील?

कुपोषणाचे आकडेही जपून वाचावेत. दर महिन्याला सर्व मुलांची वजने घेणाऱ्या अंगणवाडीत कमी वजनाची मुले जास्त सापडतात. शेतात रोज फिरणाऱ्याला कीड आधी दिसते, तसेच हे आहे. म्हणून 'किती मुले कुपोषित' याआधी 'किती मुलांची वजने झाली' हे विचारावे. आहाराबाबत, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांना सकाळचा नाश्ता व गरम शिजवलेले जेवण मिळाले पाहिजे. दोन्ही मिळतात का, हे मुलांच्या आयांना विचारले की कळते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून बालशिक्षणाचे काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांची अंगणवाडी उभी राहिली. एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

वस्ती वाढली तर नवी अंगणवाडी मागता येते. सर्वसाधारण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक, असा निकष आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार, सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या व अंगणवाडी नसलेल्या ग्रामीण वस्तीला मागणीपासून तीन महिन्यांच्या आत ती मिळण्याचा हक्क आहे. यासाठी ग्रामसभेचा ठराव करून मुलांच्या यादीसह बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. यादीत भाडेकरूंची मुले अवश्य घ्यावीत. ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांनी आपल्या खोल्यांतील मुलांची नावे व जन्मतारखा सेविकेला द्याव्यात. एकटीने दारोदार फिरून तिला जे काम आठवडाभर पुरेल, ते घरमालक एका संध्याकाळी उरकू शकतो.