काळ्या रानाची ताकद कणाच्या पृष्ठभागात

उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या गेवराई-माजलगावकडच्या गंगथडीत, म्हणजे गोदाकाठी, भारी काळ्या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा दमदार पाऊस झाला की त्या बुजतात, चिखल औताला चिकटतो आणि वाफसा येईपर्यंत रानात पाऊल घालता येत नाही. घाटावर पाटोदा-आष्टीच्या हलक्या, मुरमाड जमिनीत असे होत नाही. खडक दोन्हीकडे एकच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट. फरक आहे तो चिकणमातीच्या कणांत आणि त्यांच्या पृष्ठभागात.

याच बेसाल्टपासून कोकणात जांभा झाला. तिथल्या धो-धो पावसाने सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. बीड जिल्हा मात्र पर्जन्यछायेत. सखल भागात निचरा मंद, त्यामुळे सिलिका आणि मॅग्नेशियम जागीच राहिले आणि त्यांतून स्मेक्टाइट गटातली खनिजे घडली. माँटमोरिलोनाइट हे त्यांतले सर्वांत परिचित. त्याची रचना 1933 मध्ये हॉफमन, एंडेल आणि विल्म या संशोधकांनी क्ष-किरणांच्या आधारे मांडली.

या खनिजाचा एक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा असतो. वर आणि खाली सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी, मध्ये ॲल्युमिनियमची. मधल्या जाळीत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसते. ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धनभार, मॅग्नेशियमच्या आयनावर दोनच. अशा प्रत्येक अदलाबदलीत एक ऋणभार शिल्लक राहतो आणि थराच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजन अणूंवर पसरतो. हा भार स्फटिकाच्या घडणीतलाच असल्याने पावसाने धुऊन जात नाही.

तो भार फेडायला कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियमसारखे धनभारित आयन थरांच्या मध्ये येऊन बसतात. पाणी मिळाले की हे आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती ओढतात, थर एकमेकांपासून दूर सरतात, माती फुगते. उन्हात पाणी निघून जाते, थर जवळ येतात, रान फाटते. थरांच्या आतल्या बाजूही मोजल्या, तर एका ग्रॅम माँटमोरिलोनाइटचा पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची काळ्या रानाची ताकद इथून येते. पाऊस उघडल्यावरही कपाशी तग धरते, ती या साठ्यावर.

हीच ताकद बांधकामाला मारक ठरते. फुगणाऱ्या मातीमुळे भिंती तडकतात, कालव्यांचे अस्तर उचलले जाते. म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खोदण्याची रीत आहे. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी 1970च्या दशकात काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देऊन तिचा फुगवटा रोखण्याची पद्धत विकसित केली.

शेतकऱ्याने खरी धास्ती घ्यावी ती सोडियमची. कॅल्शियमवर दोन धनभार असल्याने तो शेजारचे थर धरून ठेवतो. सोडियमवर एकच, त्यामुळे ती पकड सैल होते. कण विखुरतात, मातीतली छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. जमीन चोपण होते. विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांवर आणि सामू 8.5 वर गेला की जमीन चोपण मानतात; भारी काळ्या रानात नुकसान त्याआधीच सुरू होते. क्षारयुक्त पाणी आणि निचऱ्याशिवाय दिलेले वारेमाप पाणी हे या दुखण्याला आमंत्रण आहे. जिप्समचा उपाय याच विज्ञानावर उभा आहे: त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. पण सुटलेला सोडियम बाहेर वाहून न्यायला चर हवेतच.

म्हणून उसाला किंवा फळबागेला नवे पाणी देण्याआधी माती आणि विहीर-बोअरचे पाणी दोन्ही तपासून घ्या. नत्र, स्फुरद, पालाशाच्या आकड्यांवर थांबू नका. सामू, क्षारता आणि सोडियमचे प्रमाणही मागा. आधी निचरा करा, मग पाणी द्या. चोपण झालेले रान सुधारायला वर्षे लागतात. ते चोपण होऊ न देणे आपल्या हातात आहे.