तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग आणि गडचिरोलीचे संशोधन



माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. नवव्या दिवशी तो गेला. बारसे व्हायचे होते, त्यामुळे त्याला नावही नव्हते. आई सांगायची, "सातव्या दिवसापासून त्याने रडणेच सोडले होते. सगळे म्हणत होते, किती शहाणे बाळ आहे, आईला त्रास देत नाही." दूध कमी ओढत होता, तेव्हा घरात दृष्ट काढली गेली. डॉक्टरकडे न्यावे असे कुणालाच वाटले नाही, कारण ताप नव्हता आणि रडणेही नव्हते. मग आजार कशावरून म्हणायचा?

गेल्या महिन्यात शाळेत पालक सभा झाली. सभा संपल्यावर दहावीतील एका मुलीची आई थांबली आणि म्हणाली, "बाई, घरी सून बाळंत झाली आहे. बाळ आजारी आहे हे ओळखायचे कसे, ते कुणी सांगतच नाही." मी विज्ञानाची पदवीधर आहे, पण त्या क्षणी मलाही नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले ते आपल्यापर्यंत पोहोचवावे म्हणून हा लेख. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे असे शब्द मला आधी हिंदीतच सुचतात. भाषेत उणे-अधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

नवजात बाळ एवढे नाजूक का?

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांच्या बाळाला नवजात म्हणतात. या काळात जंतू रक्तात शिरून शरीरभर पसरले तर त्याला सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरात जंतू शिरला की शरीर लढते, ताप येतो. नवजात बाळाची ही लढाऊ यंत्रणा अजून कच्ची असते. आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये नाळेतून बाळाला मिळतात, पण ती मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी अपुरी राहते. त्वचा पातळ असते आणि कापलेली नाळ म्हणजे एक उघडी जखमच. जंतू बाळंतपणाच्या वेळी आईकडून येतात, तसेच नंतर न धुतलेल्या हातांतून, मळक्या कपड्यांतून, नाळेवर लावलेल्या राखेतून किंवा तेलातून येतात.

मुख्य गोष्ट अशी की या लढाईचा आवाज होत नाही. अनेकदा ताप चढण्याऐवजी अंग थंड पडते. बाळ जोरात रडण्याऐवजी गप्प होते. आपण ज्याला शहाणपण समजतो ती कधी कधी धोक्याची घंटा असते.

गडचिरोलीत काय झाले?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. जिल्हा जंगलाचा, रस्ते कमी, दवाखाने दूर. तिथे त्यांनी प्रथम लहान मुलांच्या न्यूमोनियाचा अभ्यास केला. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले तर ते धोक्याचे. पण गावातील दाईंना साठपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून मण्यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक मिनिट पुरे झाल्याचे वाळूचे घड्याळ सांगते. शेवटचा लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजावा. ज्या गावांत हे उपचार पोहोचले तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले. हा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पण नवजात बाळांचे मृत्यू अजून व्हायचेच होते. ती मरतात कशाने, हेच नीट ठाऊक नव्हते. सुमारे ९५ टक्के बाळंतपणे घरी होत. ही बाळे कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत येतच नसत. म्हणून १९९५-९६ साली ३९ गावांतील थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन, तापमान, श्वास, दूध पिणे सारे लिहून ठेवू लागल्या. त्या वर्षी ७६३ बाळांची नोंद झाली आणि त्यांपैकी ४० दगावली. मृत्यूंची कारणे तपासली तेव्हा ४० पैकी २१ मृत्यू सेप्सिस किंवा न्यूमोनियाने झाल्याचे दिसून आले. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, पण डॉक्टरांपर्यंत पोहोचली शंभरात तीनसुद्धा नाहीत.

पुढच्या वर्षापासून त्याच स्त्रियांना आजार ओळखून उपचार करायला शिकवले. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. रुग्णालयात न्या असा सल्ला आधी दिला जाई. जिथे ते शक्य नसे तिथे पालकांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्सॅझोल हे औषध दिले जाई. गावच्या स्त्रीने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचे, हे ऐकून तेव्हा कित्येकांच्या भुवया उंचावल्या असतील. पण आकडे बोलके आहेत. उपचारांपूर्वी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे १७ दगावत, उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण तीनच्या आत आले. १९९३-९५ मध्ये या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. १९९७-९८ मध्ये ही संख्या २५.५ झाली. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत मात्र ती ५८ वरून ५९.६, म्हणजे होती तिथेच राहिली. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

ही घट एकट्या औषधांमुळे झाली नाही. बाळाला ऊबदार ठेवणे, लगेच स्तनपान, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, हात धुणे आणि आईला समजावणे, हे सारे त्यात होते.

सात लक्षणे

घरात ओळखता येतील अशी सेप्सिसची सोपी लक्षणे कोणती, याचा शोध बंग दांपत्याने आपल्या नोंदींतून घेतला. २००५ साली त्यांनी सात लक्षणे मांडली. ही यादी कृपया कापून स्वयंपाकघरात लावावी.

१. आधी नीट दूध ओढणारे बाळ कमी ओढू लागते किंवा ओढणे थांबवते.
२. आधी चांगले रडणारे बाळ क्षीण रडते किंवा रडतच नाही.
३. हातपाय ढिले, लुळे पडतात.
४. उलट्या होतात किंवा पोट फुगते.
५. बाळाचे अंग आईच्या हाताला थंड लागते.
६. श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जातो. आपल्याकडे हिंदीत याला 'पसली चलना' म्हणतात.
७. नाळेतून पू येतो.

यांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली तर उपचार हवेत, असा तिथला नियम. आपण शहरातले लोक आहोत, डॉक्टर जवळ आहेत. म्हणून आपण दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नये. ताप, झटके आणि मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास हीसुद्धा धोक्याचीच चिन्हे आहेत. वरच्या यादीत 'आधी' हा शब्द महत्त्वाचा आहे. बाळात झालेला बदल ओळखायचा आहे, आणि तो आई किंवा आजीइतका चांगला कुणाला कळणार?

दुसरी बाजूही पाहावी

हे वाचून कुणी घरच्या घरी औषधे द्यायला लागू नये. दिल्लीतील तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या साडेतेरा हजार नवजात बाळांचा अभ्यास झाला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील साधारण दर सातव्या बाळाला सेप्सिस झाला होता. सर्वाधिक आढळलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर. त्याचे दहापैकी आठ नमुने अनेक अँटिबायोटिक औषधांना दाद देत नव्हते. सर्दी-खोकल्याला उगीच घेतलेली आणि अर्धवट सोडलेली अँटिबायोटिक औषधे जंतूंना असे निबर बनवतात. गडचिरोलीत त्या काळी चाललेले औषध आज प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही. पण लवकर ओळखणे आणि स्वच्छता या दोन गोष्टी कधीच जुन्या होत नाहीत.

स्वच्छतेचे सामर्थ्य पाहायचे तर नवजात बाळाचा धनुर्वात आठवावा. एकेकाळी त्याने असंख्य बाळे दगावत. आईला लस, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, धुतलेले हात, स्वच्छ जागा आणि नाळेवर काहीही न लावणे, एवढ्यावर २०१५ साली भारताने माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

आपल्या प्रदेशाची गोष्ट

आपण मध्य प्रदेशात राहतो. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण देशात हजारी २८ होते, तर मध्य प्रदेशात ४३, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. २०२३ साली शहडोल जिल्ह्यात न्यूमोनियावर उपाय म्हणून तान्ह्या बाळांना तापल्या सळईने डागल्याच्या आणि त्यांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. वाचून आपण हळहळतो. पण दृष्ट काढत बसून दोन दिवस घालवणारे आमचे घर त्यांच्यापेक्षा फार वेगळे नव्हते.

गडचिरोलीच्या नमुन्यावरून २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही. त्यांना दारातून परत पाठवू नये. जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजातांसाठी स्वतंत्र कक्ष आहेत आणि तिथे उपचार विनामूल्य आहेत.

आमच्या मुलींना आणि मुलांनाही माझे सांगणे आहे की घरात तान्हे बाळ असेल तर हात धुतल्याशिवाय त्याला घेऊ नका. नाळेला काही लावू देऊ नका. पहिले घट्ट पिवळे दूध फेकू देऊ नका. वडीलधारी मंडळी "शहाणे बाळ आहे" असे म्हणाली तर हळूच विचारा, "आजी, दूध पूर्वीसारखे ओढतंय का?" या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही.

माझी आई आता नाही. शेवटपर्यंत तिला वाटत राहिले की तिच्याकडूनच काही चुकले. तिचे काहीच चुकले नव्हते, तिला कुणी सांगितलेच नव्हते. आता आपल्याला सांगणारे आहेत. ती सात लक्षणे आपण पाठ करू या आणि शेजारच्या घरातही सांगू या.

आपली,
प्राचार्या