डॉक्टर होण्याच्या वाटा : इथल्या आणि कॅनडातल्या

माझ्या नावामागे ‘डॉ.’ लागतं, पण ते तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.चं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावाकडं आलो की गुडघेदुखीवरची गोळी विचारणारं कुणीतरी भेटतंच. तेव्हा आज औषध मिळणार नाही. पण औषध देणारा माणूस कसा तयार होतो, आणि आपल्या मुलामुलींनी त्यासाठी कोणती वाट धरावी, एवढं बोलणार आहे.

हा विषय मी शोधला नाही, तो घरी चालत आला. विंझरमधलेच एक गृहस्थ गेल्या महिन्यात भेटायला आले. मुलगी बारावीला, अभ्यासात चांगली, डॉक्टर व्हायचं म्हणते. पुण्यात एका एजंटनं त्यांना सांगितलं होतं, ‘मुलीला कॅनडात प्रीमेडला घाला. पुढं तिथंच मेडिकल, तिथंच रेसिडेन्सी, तिथंच नोकरी.’ गृहस्थांचा प्रश्न एकच होता, “सर, रस्त्याकडेची दहा गुंठे विकू का?”

मी म्हटलं, आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत जे वाचलं, तिथं राहणाऱ्या नातेवाइकांना फोन करून जे विचारलं, ते तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट, प्रीमेड नावाची पदवी तिथं साधारणपणे नसते. बारावीनंतर मुलं विद्यापीठात चार वर्षांची पदवी घेतात. कुणी जीवशास्त्रात घेतं, कुणी मानसशास्त्रात, अगदी तत्त्वज्ञानातही. मेडिकलला लागणारे काही विषय त्यात बसवायचे, गुण उत्तम ठेवायचे, बहुतेक ठिकाणी एमकॅट नावाची परीक्षा द्यायची आणि मग मेडिकल कॉलेजला अर्ज करायचा. या तयारीला प्रीमेड म्हणतात. म्हणजे ती तयारी आहे, प्रवेश नव्हे. क्वेबेक प्रांतात सेजेप नावाच्या टप्प्यानंतर थेट मेडिकलला जाता येतं, पण तो त्या प्रांताचा वेगळा रिवाज आहे.

पदवीनंतर एम.डी. बहुतेक ठिकाणी चार वर्षांची. मॅकमास्टर आणि कॅलगरी इथं तीन वर्षांत होते. तिथली एम.डी. म्हणजे आपली एमबीबीएस समजा. नाव मोठं आहे म्हणून फसू नका.

त्यानंतर रेसिडेन्सी. हिची जागा कार्म्स नावाच्या व्यवस्थेतून ठरते. विद्यार्थी आपल्या पसंतीच्या जागांची क्रमवार यादी देतो, प्रशिक्षण देणारे विभाग आपल्या पसंतीच्या उमेदवारांची देतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. जुळली ती जागा घ्यावीच लागते. फॅमिली डॉक्टरसाठी दोन वर्षं, बऱ्याचशा स्पेशालिस्ट शाखांसाठी पाच. साध्या फॅमिली डॉक्टरलाही रेसिडेन्सी चुकत नाही.

आता दहा गुंठ्यांचा मुद्दा. कॅनडातली बहुतेक मेडिकल कॉलेजं फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच घेतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी दारं मोजकी, जागा त्याहून मोजक्या. त्यातही ऑन्टारियो प्रांताच्या सरकारनं ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं, की 2026 पासून तिथल्या मेडिकल कॉलेजांत परदेशी विद्यार्थी घेतले जाणार नाहीत. एजंट खोटं बोलला का? नाही. कॅनडात पदवीला प्रवेश मिळतो, हे खरंच आहे. पुढच्या दाराला कुलूप आहे, एवढंच त्यानं सांगितलं नाही.

पदवी, मग नोकरी, मग पीआर, आणि मग मेडिकलचा अर्ज, असंही कुणी करू शकतं. अशक्य नाही. पण एवढ्या ‘मग’वर जमीन विकायची नसते.

आता आपल्याकडची वाट बघू. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. नीट परीक्षा 720 गुणांची, त्यातले निम्मे गुण बायोलॉजीला. सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या 85 टक्के राज्यातून. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. सरकारी कॉलेजात शिकलात तर त्यानंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड. पुढं नीट-पीजी, आणि तीन वर्षांची एम.डी. किंवा एम.एस. मेडिकल कॉलेजाऐवजी मान्यताप्राप्त रुग्णालयात राहून डीएनबी करता येतं, तेही एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं. आता पीजीच्या मुलांना त्या काळात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं.

हिशेब मांडा. अठराव्या वर्षी सुरुवात केली, तर इथं बाँड धरून स्पेशालिस्ट व्हायला साधारण अठ्ठाविसावं वर्ष उजाडतं. कॅनडात फॅमिली डॉक्टर व्हायलाच अठ्ठावीस, स्पेशालिस्ट व्हायला एकतिसाच्या आसपास. आणि हे सगळं पहिल्या झटक्यात जमलं तर.

फरक वर्षांइतकाच निवडीतही आहे. तिथं शाखा ठरताना मुलाखत होते, शिक्षकांची पत्रं बघतात, त्या विभागात काम केलंय का ते बघतात. इथं रँक बघतात. ज्याला मुलांचा डॉक्टर व्हायचं होतं तो रँकमुळं क्ष-किरण विभागात जातो. पण मुलाखतीत ओळखीपाळखी शिरू शकतात, ती भीती रँकला नाही. दोन्हीकडं काही मिळतं, काही जातं.

तिसरी वाट आहे, इथं एमबीबीएस करून कॅनडात रेसिडेन्सी घ्यायची. त्यासाठी एमसीसीक्यूईचा पहिला भाग आणि एनएसी या परीक्षा द्याव्या लागतात, पीआर किंवा नागरिकत्व लागतं. बाहेरून शिकून आलेल्यांच्या जागा थोड्या असतात, आणि त्या मिळाल्या तर बऱ्याच प्रांतांत नेमून दिलेल्या भागात काही वर्षं काम करण्याचा करार असतो. बाँड तिथंही आहे बरं का! आपल्याला वाटतं, तो फक्त आपल्याकडंच.

राजगडाचं उदाहरण घ्या. पालीकडून चढा नाहीतर गुंजवण्याकडून, पोचता पद्मावती माचीवरच. एक वाट सोपी, एक खडी. पण अर्धं चढल्यावर वाट बदलायची म्हटली तर खाली उतरावं लागतं. म्हणून पायथ्यालाच तीन प्रश्न विचारायचे. एक, हे दार माझ्यासारख्यासाठी उघडं आहे का? दोन, पुढचं दार उघडलं नाही तर हातात काय उरेल? तीन, या वाटेवर मी कशानं बांधला जातो, पैशानं की वर्षांनी? प्रत्येक टप्प्यावर हेच तीन प्रश्न. एजंटला विचारा, क्लासवाल्याला विचारा, मलाही विचारा. आणि नियम दरवर्षी बदलतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

पण या तिन्हीच्या आधीचा एक प्रश्न आहे, तो माझ्या विषयातला. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, आपण खल करतो तो साधनांचा, साध्याचा नव्हे. वैद्य ‘बरं करू का नको’ यावर विचार करत बसत नाही, ‘कसं करू’ यावर करतो. म्हणजे साध्य आधी पक्कं हवं. आपल्या घरांत उलटं होतं. कॅनडा आधी ठरतं, मुलीला काय हवं ते नंतर.

आनंदीबाई जोशींचं बघा. चौदाव्या वर्षी त्यांचं मूल जन्मून दहाच दिवसांत गेलं. बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांचं साध्य पक्कं झालं. मग वाट शोधली. 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. दुर्दैवानं 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. परदेशात त्या गेल्या, कारण त्या काळात त्यांना हवं ते शिक्षण तिकडं होतं. आज ते पुण्यात ससूनशेजारच्या बी.जे. मेडिकलमध्ये आहे. सेवाग्रामला आहे, जिथं पहिल्या वर्षाची मुलं खेड्यात मुक्कामाला जातात.

आठ दिवसांनी ते गृहस्थ मुलीला घेऊन आले. मी तिला विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आत्याचं बाळंतपण रात्री गाडीतच झालं, नसरापूरच्या अलीकडं. मी सोबत होते. मला काहीच करता आलं नाही.”

बापाला हे ठाऊक होतं, पण त्याचा डॉक्टरकीशी काही संबंध असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, जमीन ठेवा. तिला नीट देऊ द्या, लागलं तर एक वर्ष आणखी द्या, पण एकच, आणि ते आजच ठरवून ठेवा. नाहीच झालं तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग आहे. अडलेल्या बाईजवळ उभं राहायचं असेल तर तीही खरी वाट आहे, हलकी नव्हे.

मुलगी लगेच म्हणाली, “आधी नीट.” बरोबर आहे तिचं.

आता तुमचे प्रश्न घेतो. गुडघेदुखी सोडून काहीही विचारा.