यंत्राचा स्मृतिभ्रंश

कांहीं दोष गाजावाजा करून येतात. कांहीं मुकाट्यानें घर पोखरतात. आमच्या संगणकाचा दोष दुसऱ्या जातीचा निघाला.

केदारेश्वराच्या पुरातन देवळासाठीं ओळखल्या जाणाऱ्या आमच्या धर्मापुरींत, सेवानिवृत्तीनंतर मी घरांतील जीर्ण दानपत्रांची संगणकावर नक्कल करीत होतों. एके दिवशीं 'भूमिदान' या शब्दाच्या जागीं 'भूमिधान' दिसलें. आपलीच चूक समजून मीं ती सुधारली. पुढें तशाच चुका आणखी सांपडल्या; दोनदां तर यंत्र आपोआप बंद पडलें. दुरुस्ती करणारे गृहस्थ म्हणाले, "नवीनच घ्या." पुण्याच्या भाच्यानें मात्र विचारलें, "मामा, रॅम तपासली का?"

संगणकास अक्षरें ठाऊक नसतात, अंक ठाऊक असतात. 'द' चा अंक २३४२, 'ध' चा २३४३. शून्य आणि एक एवढ्यांनींच ते लिहिले, तर दोहोंत केवळ शेवटच्या स्थानाचा फरक पडतो. रॅम म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृति. तिची प्रत्येक पेशी विजेचा अतिसूक्ष्म सांठा होय. तो सतत गळतो, म्हणून साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत पुन्हां भरावा लागतो. एक पेशी अधू झाली, कीं तिच्या वांट्यास येणारें अक्षर बिघडतें आणि दानाचें धान होतें!

तिची परीक्षा घेणारी 'मेमटेस्ट८६' ही आज्ञावली क्रिस ब्रॅडी यांनीं १९९४ मध्यें रचली. यंत्राचा नेहमींचा कारभार सुरू होण्यापूर्वींच ती पेन-ड्राइव्हवरून चालवितात, कारण तो कारभारहि स्मृतींतच वस्ती करतो. ती सर्वत्र शून्यें लिहून वाचते, मग एक, मग आलटून पालटून. एकदां चढत्या क्रमानें, एकदां उतरत्या. घनपाठी वैदिक पदें सुलट-उलट म्हणून पाठ पारखतो, तसाच हा प्रकार. अधू पेशी स्वस्थ असतां निभावून नेते. शेजारच्या पेशी वारंवार हलविल्या आणि यंत्र तापलें, म्हणजे उघडी पडते. म्हणून परीक्षा तास-दोन तासांची नव्हे, रात्रभराची असावी.

पहिल्या रात्रीं वीजच गेली. दुसऱ्या दिवशीं पहाटे पडद्यावर लाल ओळी दिसल्या. प्रत्येक फेरींत ठिकाण तेंच. मग यंत्राची वीज तोडून दोन पट्ट्यांपैकीं एकेक ठेवून परीक्षा घेतली. दोष खांचेचा नाहीं ना, हें पाहण्यासाठीं पट्ट्यांच्या जागाहि बदलल्या. दोषी पट्टी जेथें जाई, तेथें चूक जाई. नवी पट्टी बसवून पुनः रात्रभर तपासलें. एकहि चूक निघाली नाहीं.

तथापि पूर्वीं बिघडून सांठविलेलें नव्या पट्टीनें सुधारत नाहीं. आतां सौभाग्यवती मूळ कागद वाचते आणि मी पडद्यावरील एकेक अक्षर पाहतों. संगणकाविषयीं तुम्हांस असा संशय येतांच प्रथम लेखन थांबवावें, परीक्षा घ्यावी. आणि मूळ कागद, कितीहि जीर्ण असोत, कदापि टाकूं नयेत.