आठ कोअर, कढई एकच!

पुण्याला जाताना जुन्या हायवेने निघालो आणि चौकला वडापावसाठी थांबलो. टपरीवर तिघं बटाटे सोलतायत, दोघं पाव कापतायत, पण कढई एकच. पंधरा मिनिटं नुसते उभे! सोबतचा आयटीवाला मित्र मात्र भलत्याच गोष्टीवर वैतागलेला. ऑफिसने आठ कोअरचं मशीन दिलं, आणि त्याचा प्रोग्राम एकाच कोअरवर रखडतोय. साहेबांचं म्हणणं, कम्पायलर बघून घेईल की!

नाही बघत. तुमचा प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा हा कम्पायलर हुशार आहे, पण त्याहून जास्त धास्तावलेला. शंभर जणांचा पगार काढायचा असेल, तर काम आठ कोअरना बिनधास्त वाटता येतं. पासबुकाचं तसं नाही. प्रत्येक ओळीतली शिल्लक आधीच्या ओळीवर अवलंबून. शिवाय जॉइंट अकाउंटसारखी भानगड असतेच: नावं दोन, मेमरीतली जागा एकच. खात्री नसली की कम्पायलर गुपचूप एकामागून एक काम करतो. उत्तर चुकण्यापेक्षा उशीर बरा!

इंटेल आणि एचपीने याच कम्पायलरवर मोठा डाव लावला होता. २००१मध्ये आलेल्या इटॅनियम चिपसाठी कुठल्या सूचना एकदम चालवायच्या, हे कम्पायलरने आधीच ठरवायचं होतं. पण मेमरीतून माहिती यायला किती वेळ लागेल, हे प्रोग्राम चालू झाल्यावरच कळतं. इटॅनियमने २०२१मध्ये गाशा गुंडाळला.

आपल्या पुण्यातल्या सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ बनवला, तेव्हाही कुठल्या प्रोसेसरने काय करायचं आणि कुणाला काय निरोप धाडायचा, हे माणसालाच बसून लिहावं लागे. त्यात जीन अॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला हिशेब आडवा येतो: दहा टक्के काम वाटता येत नसेल, तर हजार प्रोसेसर लावा, वेग दहापटीच्या पुढे जाणार नाही. म्हणजे आमची कढईच!

अर्थात पासबुकालाही तोड आहे. बारा महिन्यांच्या बेरजा बारा जणांनी वेगवेगळ्या करायच्या, मग मागची शिल्लक पुढे ओढायची. पण ही मांडणी सहसा माणसालाच सुचावी लागते. त्यातून दशांश अपूर्णांक असले, तर बेरजेचा क्रम बदलल्यावर शेवटचा आकडा किंचित हलतो, म्हणून परवानगीशिवाय कम्पायलर त्याला हात लावत नाही.

वडे आले तोवर मित्राने पेपर नॅपकिनवर त्याचा लूप नव्याने मांडून पाहिला होता. डिलिव्हरी शुक्रवारी. साहेबांकडे अजून एक आठवडा मागायचा, असं खोपोली येईस्तोवर ठरलं.