स्वभावाचे साचे आणि स्वभावाचे माप

मनुष्यस्वभावाचे वर्गीकरण करण्याची प्रवृत्ती फार प्राचीन आहे. वात, पित्त व कफ यांवरून प्रकृती ओळखणारे आयुर्वेदाचार्य, चार देहरसांच्या न्यूनाधिक्यावरून स्वभाव सांगणारे ग्रीक वैद्य, आणि १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अंतर्मुख व बहिर्मुख असा भेद मांडणारे स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग, हे सारे एकाच जिज्ञासेचे वारस होत. युंग यांच्या विवेचनावरून अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी स्वभावाचे सोळा प्रकार मांडले व ते ओळखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली, आणि ती आज जगभर वापरली जाते.

असे वर्णन आपल्याला हुबेहूब लागू पडले, एवढ्यावरून ते खरे मानावे काय? १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती 'त्याचा' स्वभाव-अहवाल ठेवून, तो कितपत यथार्थ आहे याबद्दल पाचपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी ४.२६ भरली, आणि मग उघड झाले, की अहवाल सर्वांना अक्षरशः एकच दिला होता व त्यातला मजकूर बाजारी ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. लोकांनी आपल्याला मानावे ही इच्छा, स्वतःलाच दोष देण्याची खोड, वरकरणी संयम व आत धाकधूक, यांतले कोणाला लागू पडणार नाही?

दुसरी अडचण मोजणीची आहे. माणसे उंच व बुटकी अशा दोनच वर्गांत विभागता येत नाहीत, त्याचप्रमाणे बहिर्मुखतेच्या मापावरही बहुसंख्य लोक मधल्या भागातच आढळतात. म्हणून मध्यरेषेच्या किंचित अलीकडे-पलीकडे असलेल्या, वस्तुतः एकसारख्या दोघांवर परस्परविरुद्ध शिक्के बसतात, आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली असता कित्येकांचा प्रकारच पालटतो. याच कारणास्तव आधुनिक संशोधक नवानुभवाची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थैर्य या पाच गुणांचे कमीअधिक प्रमाण मोजणे पसंत करतात.

तथापि प्रकारांची भाषा सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. सभेत गप्प बसणारा सहकारी उर्मट नसून त्याला विचारास अवधी हवा असेल, एवढी शंका जरी तिने आपल्या मनात उत्पन्न केली, तरी तिचे मोठे कार्य झाले. मात्र त्या शंकेचा निवाडा प्रश्नावलीवर न सोपविता, पुढच्या सभेचे विषय त्याला आदल्या दिवशी कळवावे, त्याचे म्हणणे स्वस्थपणे ऐकून घ्यावे, आणि त्याच्या वर्तनाने आपली समजूत खोटी ठरविली तर ती तत्काळ सोडून द्यावी.